पुंजविज्ञान आणि साहित्याचा वाचक



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले जाते त्यांचे नाव आपण व्यासपीठामागील फलकावर वाचतच आहात. मी त्यांना आयुष्यभर 'सर' या एकाच शब्दाने संबोधिले आणि आजही तेवढ्यावरच थांबणार आहे. वास्तविक मी त्यांचा विद्यार्थी नव्हे. ते या शाळेत विज्ञान शिकवीत आणि मी महाविद्यालयात मराठी. मुक्तीपूर्व काळात त्यांचे स्वतःचे शिक्षण नदीपलीकडे सावंतवाडीस झाले. पुढे याच शाळेच्या प्रयोगशाळेतील एका कपाटात त्यांनी 'सृष्टिज्ञान' मासिकाचे आणि मराठी विज्ञान परिषदेच्या पत्रिकेचे जुने अंक दोऱ्याने शिवून ठेविले होते. ते कपाट आपल्यापैकी अनेकांनी उघडले असेल. मी ते प्रथम उघडले तेव्हा माझे वय पन्नाशीच्या घरात होते, आणि मी ते का उघडले हीच आजच्या व्याख्यानाची कथा आहे.

भौतिकशास्त्राचा गंध नसलेल्या मराठीच्या प्राध्यापकाने पुंजविज्ञानावर, म्हणजे ज्याला आपण सर्रास क्वांटम म्हणतो त्या विषयावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटले असेल. निमित्त सांगतो. वेर्नर हायझेनबर्ग या तेवीस वर्षांच्या जर्मन तरुणाने जून १९२५ मध्ये, परागांच्या त्रासाने डोळे आणि चेहरा सुजल्यामुळे, उत्तर समुद्रातील हेल्गोलँड या उघड्याबोडक्या बेटाचा आश्रय घेतला आणि तेथे एका नव्या शास्त्राचा पाया घातला. त्या घटनेस शंभर वर्षे झाली म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे पुंजविज्ञान व तंत्रज्ञानाचे आंतरराष्ट्रीय वर्ष ठरविले होते. आपल्या केंद्र सरकारनेही एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. हा शब्द आता वर्तमानपत्रांतून घरोघरी येतो. तो ज्या घरांत येतो त्यांतील बहुतेक घरे माझ्यासारख्यांची, म्हणजे भौतिकी न शिकलेल्यांची आहेत.

माझे म्हणणे थोडक्यात असे. भौतिकी न शिकलेल्या माणसाने हा विषय अवश्य वाचावा. तो वाचता येतो. आणि वाचताना साहित्याच्या अभ्यासाने अंगी बाणलेली एक शिस्त फार उपयोगी पडते. उपमा कोठे लागू पडते आणि कोठे संपते, हे ओळखण्याची ती शिस्त होय. मजजवळ ती असायला हवी होती. नेमक्या वेळी ती मी वापरली नाही.

१९९० नंतरच्या दशकातील गोष्ट. आपल्याच तालुक्यातील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत माझे भाषण होते. विषय होता 'आधुनिक विज्ञान आणि अद्वैत'. त्याआधी मी फ्रिट्जॉफ काप्रा यांचे १९७५ साली प्रसिद्ध झालेले 'द ताओ ऑफ फिजिक्स' हे पुस्तक वाचले होते आणि त्याने भारावलो होतो. काप्रा स्वतः भौतिकशास्त्रज्ञ. त्यांच्या पुस्तकाला मी दोष देणार नाही. दोष माझ्या उतावळ्या वाचनाचा होता. मी सभेत ठासून सांगितले की, पाहणाऱ्याच्या मनाने पदार्थ घडतो हे आता विज्ञानानेच सिद्ध केले आहे आणि आपल्या संतांना ते केव्हाच ठाऊक होते. एवढ्यावर न थांबता उदाहरणही दिले: जसे आपले तेरेखोल गोव्यातही आहे आणि महाराष्ट्रातही आहे, तसाच इलेक्ट्रॉन एकाच वेळी इथेही असतो आणि तिथेही. टाळ्या पडल्या.

माझी थोरली बहीण रेडीस दिलेली. त्या रात्री मुक्काम तिच्याकडे होता. सर मला केरीच्या धक्क्यापर्यंत सोडावयास आले. ओहोटीमुळे फेरीबोट अडून राहिली होती. पलीकडे तेरेखोलचा किल्ला मावळतीच्या उजेडात दिसत होता. बराच वेळ सर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "प्राध्यापक, रागावणार नसाल तर एक विचारतो. ज्ञानेश्वरीतील एखाद्या ओवीचा अर्थ मूळ शब्द न पाहता, कोणा तिसऱ्याच्या ऐकीव माहितीवरून मी भर सभेत सांगितला असता, तर तुम्ही काय केले असते?"

मी उत्तर दिले नाही. उत्तर दोघांनाही ठाऊक होते.

मग ते किल्ल्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तेरेखोल काही दोन्हीकडे नाही. सावंतांनी बांधलेला किल्ला पोर्तुगीजांनी १७४६ साली घेतला, म्हणून नदीच्या त्या तीरावरचा एवढा तुकडा गोव्यात राहिला. तेरेखोल गोव्यातच आहे. परक्या माणसाला ते ठाऊक नसते, एवढेच. आपल्याला ठाऊक नसणे निराळे आणि गोष्टच ठरलेली नसणे निराळे. अख्खे पुंजविज्ञान या दोहोंमधल्या फरकात आहे, आणि तुमच्या दृष्टांताने नेमका तोच पुसून टाकला."

त्यानंतरच्या सुटीत मी या शाळेत आलो आणि सरांच्या कपाटापुढे बसलो.

तेथे मला जे उमगले ते माझ्या भाषेत सांगतो. प्रारंभ १४ डिसेंबर १९०० चा. त्या दिवशी बर्लिन येथे माक्स प्लांक यांनी तापलेल्या वस्तूच्या प्रकाशाचे कोडे सोडविताना असे मानले की ऊर्जेची देवघेव अखंड धारेने होत नाही, ठराविक वाट्यांनी होते. धक्क्यावरचा उतार आणि किल्ल्याच्या पायऱ्या यांतील फरक मनात आणावा. उतारावर पाऊल कोठेही ठेवता येते. पायऱ्यांवर पहिल्या आणि दुसऱ्या पायरीच्या मध्ये उभे राहता येत नाही. मग आपल्याला जगात पायऱ्या का दिसत नाहीत? कारण त्या अतिशय लहान आहेत. त्यांचे माप ठरविणारी प्लांक यांची संख्या आपल्या नेहमीच्या एककांत लिहावयाची तर दशांशचिन्हानंतर ३३ शून्ये द्यावी लागतात आणि मग सहाचा आकडा येतो. आणि तरीही ही संख्या आपल्या व्यवहाराबाहेरची नाही. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या याच संख्येवर आधारलेली आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आपण जो किलोभर कांदा घेतो, त्या किलोचा अखेरचा आधार पुंजविज्ञान आहे. आपले मच्छीमार बांधव खोल समुद्रात जी. पी. एस.च्या साहाय्याने जागा शोधतात. त्या उपग्रहांतील घड्याळे अणूंच्या अशाच पायऱ्यांवर चालतात.

दुसरी गोष्ट लाटांची. त्या संध्याकाळी धक्क्यासमोरून दोन होड्या गेल्या आणि दोहोंच्या लाटा एकमेकींत शिरल्या. काही ठिकाणी पाणी दुप्पट उचलले गेले, काही ठिकाणी लाटेने लाट जिरविली आणि पाणी सपाट राहिले. प्रकाश दोन बारीक फटींतून गेला तर पडद्यावर असाच उजेड-अंधाराचा पट्टा उमटतो. तेव्हा प्रकाश लाटेसारखा आहे म्हणावे, तर ते बरोबर आहे. पण इलेक्ट्रॉन एकेक करून सोडले, एक पोहोचल्यावर दुसरा, तर काय होते? जपानमध्ये अकिरा तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर दर वेळी एकच ठिपका उमटतो, रांगोळीचा एक कण पडावा तसा. आरंभी ठिपके वाटेल तसे विखुरलेले दिसतात. हजारो ठिपके साचल्यावर मात्र लाटांचे तेच पट्टे उभे राहतात. प्रत्येक इलेक्ट्रॉन एकटाच आला होता. त्याच्या लाटेत मिसळावयास दुसरी होडी नव्हती.

येथे माझ्यासारखा वाचक अडतो आणि विचारतो, "मग तो लाट आहे की कण?" आमच्या अलंकारशास्त्राने या प्रश्नाची तयारी करून ठेविली आहे. उपमेची चार अंगे आपण शाळेत शिकलो: उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि उपमावाचक शब्द. मुख चंद्रासारखे म्हटले की आल्हाद देण्याचा धर्म तेवढा घ्यावयाचा. चंद्राचे डाग आणि अमावास्या घ्यावयाची नाही. इलेक्ट्रॉन लाटेसारखा आहे तो एकमेकांत मिसळण्याच्या धर्माने. कणासारखा आहे तो एकाच जागी उमटण्याच्या धर्माने. दोन्ही उपमा आपापल्या मर्यादेत खऱ्या आहेत, आणि त्यांतली कोणतीही रूपकापर्यंत ताणता येत नाही. इलेक्ट्रॉन हीच लाट, असे म्हणताच आपण चुकतो. आपल्या शास्त्रात अनन्वय नावाचा अलंकार आहे. ज्याला दुसरे उपमानच सापडत नाही त्याची तुलना त्याच्याशीच करावी लागते. इलेक्ट्रॉन इलेक्ट्रॉनसारखा आहे. शास्त्रज्ञ त्याचे यथार्थ वर्णन गणितात करतात. आपल्याला ते गणित येत नाही. म्हणून आपण उपमा घ्याव्यात, मात्र उसन्या वस्तूप्रमाणे घ्याव्यात आणि काम होताच परत कराव्यात.

आता शब्दांकडे वळतो, कारण ते माझे क्षेत्र. मराठीत या शास्त्राला पुंजयामिकी असे नाव आहे. पुंज म्हणजे रास; तेजःपुंज, तारकापुंज हे शब्द आपल्या ओळखीचे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मात्र 'किती' असा आहे. तेथे राशीपेक्षा मोजून दिलेल्या वाट्याची कल्पना मुख्य आहे. यामिकी हा शब्द ऐकून मला प्रथम संस्कृतातील यामिक, म्हणजे रात्रीचा पहारेकरी आठवला होता. तरी हे शब्द टाकून द्यावेत असे मी म्हणणार नाही; वापराने शब्दांत अर्थ मुरतो. अधिक घात केला तो सोप्या वाटणाऱ्या शब्दांनी. पहिला शब्द 'निरीक्षक'. मराठी माणसाच्या कानी हा शब्द पडला की शाळा तपासावयास येणारा साहेब डोळ्यांपुढे उभा राहतो. म्हणजे निरीक्षक हा डोळे असलेला, मन असलेला माणूसच. त्यामुळे निरीक्षणाने इलेक्ट्रॉनची अवस्था बदलते हे वाक्य वाचताच मी मनाचे सामर्थ्य सिद्ध झाल्याचे जाहीर केले. सरांनी समजाविले की तेथे मनुष्य असण्याची गरज नाही. वाटेत एखादे नोंद घेणारे यंत्र असले, इतकेच काय, हवेचा एखादा रेणू त्यावर आपटला आणि वाटेचा माग राहिला, तरी पट्टे नाहीसे होतात. निरीक्षण या शब्दाच्या जागी 'मापन' किंवा 'नोंद' हा शब्द घालून तेच वाक्य वाचून पाहावे. त्यातील निम्मे गूढ उतरते आणि जे उरते ते खरे गूढ असते.

दुसरा शब्द 'अनिश्चितता'. हायझेनबर्ग यांचे हे तत्त्व १९२७ चे. वस्तूचे स्थान आणि तिचा संवेग ही दोन्ही एकाच वेळी हव्या तितक्या अचूकपणे ठरलेली असू शकत नाहीत, असे ते सांगते. अनिश्चितता म्हटले की आपल्याला वाटते, शास्त्रज्ञांची उपकरणे अपुरी पडली असावीत. येथे मला तंबोऱ्याचा उपयोग झाला. तार छेडून क्षणार्धात दाबली तर नुसता 'टक्' असा आवाज येतो. तो नेमका केव्हा झाला हे सांगता येते, स्वर कोणता ते सांगता येत नाही. स्वर ओळखावयाचा तर तार काही काळ वाजू द्यावी लागते, आणि मग तो आवाज अमुक एका क्षणाचा राहत नाही. यात ऐकणाऱ्याच्या कानाचा दोष नाही. इतक्या तोकड्या नादाला नेमका स्वरच नसतो. इलेक्ट्रॉनचा लाटेसारखा जो धर्म आहे त्यामुळे त्याचे स्थान आणि संवेग यांत असाच संबंध येतो. तेव्हा ही अनिश्चितता आपल्या अज्ञानाची नव्हे.

सरांनी धक्क्यावर सांगितलेला फरक तो हाच. पण तो खरा कशावरून? आइन्स्टाइनसारख्या महापुरुषालाही १९३५ मध्ये असेच वाटत होते की हे वर्णन अपुरे आहे, खोलात काही ठरलेले असले पाहिजे. त्याच वर्षी श्रोडिंगर यांनी आपले प्रसिद्ध मांजर पेटीत घातले. मांजर खरोखरच एकाच वेळी जिवंत आणि मृत असते असे शिकविण्यासाठी त्यांनी ते घातले नव्हते. अणूंचे नियम जसेच्या तसे मांजराला लावले तर किती विपरीत निष्कर्ष निघतो, हे दाखविण्याचा तो उपरोध होता. उपरोधाचे वाक्य विधान म्हणून वाचणे ही साहित्याच्या वर्गात चूक ठरते. विज्ञान वाचताना ती आपण सर्रास करतो. पुढे १९६४ साली जॉन बेल यांनी या वादाला मोजमाप दिले. कल्पना करा, एकत्र निर्माण झालेले दोन कण दोन दिशांना पाठविले. दोघांच्या खिशांत आधीच लिहिलेल्या उत्तरांच्या चिठ्ठ्या असतील आणि एकीकडची गोष्ट दुसरीकडे तत्क्षणी पोहोचत नसेल, तर दोघांची उत्तरे किती वेळा जुळावीत याला एक मर्यादा येते. प्रयोगांत ती मर्यादा ओलांडली गेली. या कार्यासाठी अलँ आस्पे, जॉन क्लाउजर आणि अँटोन झायलिंगर यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे साध्या अर्थाने लिहून ठेविलेली चिठ्ठी तेथे नसते. तेरेखोल कोणत्या राज्यात आहे याची चिठ्ठी मात्र १७४६ पासून लिहिलेली आहे. आणि हेही ध्यानात ठेवावे की या जुळणीच्या द्वारे कोणताही निरोप पाठविता येत नाही. मनाने मनाला संदेश धाडण्याच्या कल्पनेला येथे आधार नाही.

आता जे सांगावयाचे आहे ते मी आजवर जाहीरपणे सांगितलेले नाही. माझे ते भाषण पुढे एका स्मरणिकेत छापून आले. माझ्या बहिणीने ती स्मरणिका देवघराजवळच्या फळीवर जपून ठेविली होती. भाऊ विद्वान आहे याचा तिला अभिमान. काही वर्षांनी तिला मधुमेह झाला. एका विक्रेत्याने तिला 'क्वांटम ऊर्जे'चे पदक गळ्यात घालावयास दिले. त्याबरोबरच्या पत्रकात लिहिले होते की मनाच्या कंपनांनी शरीराच्या पेशी बदलतात. तिने गोळ्या कमी केल्या आणि मग बंद केल्या. मला कळले तेव्हा पायाची जखम चिघळली होती. एक बोट काढावे लागले. इस्पितळात मी तिला रागाने विचारले, "ताई, असल्या कागदावर तू विश्वास कसा ठेवलास?" ती शांतपणे म्हणाली, "अरे, तूच तर लिहिलेस ना, मनाने पदार्थ घडतो म्हणून? विज्ञानाने सिद्ध केलेय म्हणून?"

पत्रक लिहिणारा कोण होता हे मला माहीत नाही. माझे भाषण त्याने वाचले नसणार. पण तिने वाचले होते. फसविणाऱ्याचे काम माझ्या अलंकारिक वाक्याने अर्धे करून ठेविले होते. ताई आज नाही. त्या बोटावरून ती मला कधी बोलली नाही, आणि म्हणूनच ते माझ्या मनातून गेले नाही.

यावरून सामान्य माणसाने हा विषय वाचूच नये असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो मला मान्य नाही. न वाचणाऱ्याला पत्रकवाला अधिक सहज गाठतो. वाचावे, पण काही पथ्ये पाळावीत. पुस्तकात उपमा आली की विचारावे, यातला साधारण धर्म कोणता? लेखक उपमेची मर्यादा स्वतः सांगतो की नाही? जो सांगतो त्याच्यावर विश्वास टाकावा. अणूंविषयीचे विधान एकदम मन, आरोग्य किंवा भाग्य यांवर उडी मारील तर मधल्या पायऱ्या मागाव्यात. आणि एखादे प्रकरण वाचून सगळे समजले असे वाटले, तर ते आणखी एकदा वाचावे.

वाचनास आरंभ कोठून करावा असे विद्यार्थी विचारतात. इंग्रजी येत असेल तर जॉर्ज गॅमॉव्ह यांच्या मिस्टर टॉम्पकिन्स या बँकेतील कारकुनाच्या गोष्टी घ्याव्यात. त्याच्या स्वप्नात प्लांक यांची संख्या इतकी मोठी होते की बिलियर्डचे चेंडूदेखील इलेक्ट्रॉनप्रमाणे वागू लागतात. मराठीत जयंत नारळीकर यांचे लेखन आहे. त्यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने विज्ञानकथा पाठविली आणि मे २०२५ मध्ये निधन होईपर्यंतच्या दीर्घ लेखनाने मराठी या विषयांना अपुरी नाही हे दाखवून दिले. त्यांचा विषय खगोलशास्त्र; पण किती सांगावे आणि कोठे थांबावे याचा वस्तुपाठ त्यांच्याकडे मिळतो.

आणखी एका पुस्तकाचे नाव घेऊन संपवितो. रिचर्ड फाइनमन यांचे 'क्यू. ई. डी.' हे पुस्तक १९८५ साली निघाले. प्रकाश आणि पदार्थ यांच्या पुंजसिद्धांतावरचे ते पुस्तक असून त्यात अवघड गणित नाही. मुळात ती स्मृतिव्याख्याने आहेत. अ‍ॅलिक्स मॉटनर या त्यांच्या स्नेही. पेशा इंग्रजी साहित्याचा, पण विज्ञानाविषयी विलक्षण कुतूहल. त्या फाइनमन यांना भौतिकीतील गोष्टी विचारीत आणि ते समजावून सांगत. हा एक विषय तेवढा राहून गेला. तो सांगण्याची तयारी होईपर्यंत त्या वारल्या. मग फाइनमन यांनी ती व्याख्याने १९८३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ दिली.

हे मी सरांच्या कपाटातील प्रतीतच वाचले. तेथे शास्त्रज्ञ सांगणारा आणि साहित्याची अभ्यासक ऐकणारी. आज येथे ते उलट झाले आहे. साहित्याचा माणूस बोलतो आहे, आणि ज्यांनी ऐकून माझ्या चुका काढाव्यात ते विज्ञानशिक्षक श्रोत्यांत नाहीत. धक्क्यावर मी त्यांना जे उत्तर दिले नाही ते आज, इतक्या वर्षांनी, आपणांसमक्ष देत आहे: सर, मी ते भाषण थांबविले असते, आणि मूळ शब्द आणून दाखवा असे म्हटले असते.

मुख्याध्यापकांना एक विनंती आहे. ते कपाट कुलूपबंद न ठेवता वाचनालयात आणावे. त्यात भर घालण्यासाठी माझ्याकडची पुस्तके मी सोबत आणली आहेत. बाहेर पेटीत आहेत. त्यांच्या समासांत पेन्सिलीने काही ठिकाणी 'उपमा येथे संपते' असे लिहिलेले सापडेल. मुलांनी ते तपासावे आणि जेथे मी चुकलो असेन तेथे खोडून दुरुस्त करावे.